दोन बोटं वर

"शिवकन्या, आत काय करायलीस इतका वेळ? चक्कर आली का?"

अक्का बाथरूमचं दार वाजवत होत्या. मी आत आरशासमोर उभी होते. कमरेच्या वर अंगावर काही नव्हतं आणि हातात शिवणाची टेप होती. गळ्याच्या खळगीपासून डावीकडं मोजलं, मग उजवीकडं. परवा होतं तेच आजही होतं. डावी बाजू उतरून जागेवर बसली होती. उजवी मात्र तशीच वर होती, गळ्याच्या हाडाखाली ताठ. दोन बोटांचा फरक.

"आले अक्का. तोंड धुतेय."

"कडी लावू नको म्हणलं होतं. टाके भिजतील. मी पुसून देते की अंग."

"नको, नको. झालंच."

मी घाईघाईनं दवाखान्यातली घट्ट ब्रेसियर चढवली, तिच्या पुढच्या हुका लावल्या, वर ढगळ गाऊन घातला. टेप कपड्यांच्या बादलीत खुपसली. बाहेर आले तर अक्का दारातच उभ्या, हातात टॉवेल घेऊन.

"सूज लई आहे गं अजून," माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या.

"हो. उतरेल म्हणालेत."

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आम्ही पुण्यात पिंपळे सौदागरला राहायचो. मी विमा कंपनीच्या ऑफिसात होते आणि माझा नवरा संगमेश्वर चाकणच्या कारखान्यात. मुलगी सहा वर्षांची होती, सुटीत माझ्या आईकडं गेली होती. ऑपरेशनसाठी मी ती सुटीच धरली होती.

शाळेत असल्यापासून मी छातीशी वही धरून चालायचे. वर्गातल्या मुली लपवायला धरायच्या, मी नव्हतं ते लपवायला. लग्नाच्या ब्लाऊजचं माप घेताना शिंप्यानं आईला विचारलं होतं, "आत जाड कप लावू का, म्हणजे अंग भरल्यासारखं दिसेल." मी तिथंच उभी होते. बाळंतपणानंतर जे काही होतं तेही गेलं. संगमेश्वर मला कधी एका शब्दानं बोलला नाही. मीच वर्षभर छाती भरून घ्यायच्या ऑपरेशनबद्दल वाचत होते, विचारत होते, आणि एक दिवस त्याला सांगितलं. त्यानं हातातलं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. मग म्हणाला, "तुला हवंय ना? मग कर. पण उदगीरला कळायला नको."

उदगीरला त्याचं घर. आई, थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाची बायको महानंदा, म्हणजे आमच्या अक्का. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात फोनवर बोलताना संगमेश्वरच्याच तोंडून 'ऑपरेशन' हा शब्द निघून गेला. मग सांगणं भाग पडलं.

"अपेंडिक्स म्हण," तो फोनवर हात धरून कुजबुजला.

"आणि बँडेज छातीवर कसं?"

मी फोन घेतला आणि म्हणाले, "अक्का, छातीत गाठ झालीय. बारीक आहे. काढून टाकायची आहे." किती सहज म्हणाले ते मला अजून आठवतं.

नको नको म्हणत असतानाही दहाव्या दिवशी अक्का एसटीनं आल्या. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, कडक भाकऱ्यांची चवड. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दोन्हीकडं बांधलेलं बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "दोन्हीकडं होत्या बारीक बारीक." त्यांनी नुसतं "अगं बाई" म्हटलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

हात वर करायला मला मनाई होती. मी टेप लपवली त्याच दिवशी दुपारी अक्कांनी मला बाल्कनीत स्टुलावर बसवलं आणि केसांना तेल लावायला घेतलं. माझं लक्ष उजव्या बाजूकडंच होतं. गाऊनच्या आत ती वर सरकल्यासारखी वाटत होती. ती अशीच राहिली तर? एक वर, एक खाली. आधी निदान दोन्ही सारखे तरी होते.

"तुला कशी कळली गं?" अक्कांनी मागून विचारलं.

"काय?"

"गाठ."

"अंघोळ करताना. हाताला लागली."

"दुखायची का?"

"नाही."

केसांतला हात थांबला. "माझी बी दुखत नाही," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. "तुमची काय, अक्का?"

"संक्रांतीपासून आहे. तुरीच्या दाण्याएवढी होती, आता सुपारी म्हण. डाव्या अंगाला, काखेकडं." त्या पुन्हा तेल जिरवायला लागल्या, जरा जोरात. "ह्यांना सांगितलं नाही. उदगीरचे सगळे डॉक्टर ह्यांच्या दुकानात बसणारे. त्यांच्यासमोर पदर कसा काढायचा? तुझं ऐकलं अन् म्हणलं, आपण बी तुझ्याच डॉक्टरीणबाईला दाखवू. तुझं करणं बी होईल अन् माझं काम बी होईल."

त्यांच्या गाठीचा विचार माझ्या मनात आधी यायला हवा होता. आधी आला तो दवाखान्याचा. तिथल्या भिंतीवर नाकांचे, हनुवट्यांचे, कमरेचे फोटो होते, आधीचे आणि नंतरचे. डॉक्टर निमकर मॅडम अक्कांना तपासतील आणि सहज विचारतील, "गाठ? शिवकन्याला कुठली गाठ?" मग उदगीर. मग सासूबाई. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात बायकांच्या नजरा माझ्या पदरावर.

"तिथं लगेच नंबर लागत नाही, अक्का. महिना महिना थांबावं लागतं."

"तुझ्या ओळखीनं बी?"

"उद्या जायचंय मला दाखवायला. विचारते."

"विचार. नंबर नाही लागला तर नुसतं सांग त्यांना, अशी अशी आहे म्हणून. काय म्हणतात ते बघ." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुझी साधीच निघाली ना?"

"साधीच."

"मग माझी बी साधीच असणार," त्या म्हणाल्या आणि माझी वेणी घालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाते म्हणून खूप सांगितलं. अक्कांनी ऐकलं नाही. दवाखान्याची पाटी इंग्रजीत होती, ती त्यांना वाचता येत नव्हती, एवढाच मला आधार. आत गेल्यावर मी त्यांना फोटोंकडं पाठ होईल अशा खुर्चीवर बसवलं. तरी त्या इकडंतिकडं बघतच होत्या.

"सगळ्या तरण्या पोरी आहेत गं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "एवढ्या लहान वयात गाठी व्हायल्यात. काय दिवस आलेत."

माझं नाव पुकारलं. मी उठले तशा त्याही उठल्या.

"तुम्ही बसा इथंच, अक्का. आत एकालाच सोडतात."

"बरं. माझं विसरू नको."

डॉक्टर निमकर मॅडमनी तपासलं. दोन्ही हातांनी दाबून, खालून उचलून, बाजूनं बघून. मी छताकडं बघत होते.

"बरंच छान भरतंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, उजवी बाजू वर आहे. दोन बोटं. मी रोज मोजते."

"रोज मोजू नका. तुम्ही उजव्या हातानं सगळी कामं करता ना? मग तिकडचा स्नायू जास्त घट्ट असतो. इम्प्लांट त्याच्या खाली आहे. स्नायू सैल पडला की ते आपोआप खाली येतं. कुणाचं सहा आठवड्यांत, कुणाचं तीन महिन्यांत. दोन्ही एकदम उतरतीलच असं नसतं."

"पण असंच राहिलं तर?"

"तर बघू. पण राहणार नाही. एक पट्टा देते, छातीच्या वरच्या बाजूनं बांधायचा. बाहेर तुमच्याबरोबर कोण आलंय? त्यांना बोलवा, कसा बांधायचा ते दाखवते."

"नको," मी इतक्या चटकन म्हणाले की त्यांनी मान वर करून बघितलं. "त्यांना कळायचं नाही. मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. मग पेनाला टोपण लावून विचारलं, "आणखी काही?"

दाराच्या खाली फट होती. त्या फटीतून अक्कांची पावलं दिसत होती, चपला काढून एकमेकांवर ठेवलेली. डॉक्टर माझ्यासमोर बसल्या होत्या, घाईत नव्हत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आहे, कुणाला दाखवू? अक्कांना आत न बोलावता, माझं काही त्यांना कळू न देता सुद्धा विचारता आलं असतं. आज वाटतं, त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं असतं, संपलं असतं.

"ब्लाऊज शिवायला कधी टाकू?" मी विचारलं.

डॉक्टर हसल्या. "तीन महिने तरी थांबा."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा सुटल्यावर अक्कांनी विचारलं, "सांगितलंस का?"

"हो."

"मग?"

मी रस्त्याकडं बघत होते. "दुखत नसेल तर घाबरायचं काही नाही म्हणाल्या. वाढली तर दाखवा म्हणाल्या."

डॉक्टरांच्या तोंडचं म्हणून मी हे वाक्य जागच्या जागी तयार केलं. न दुखणारी गाठच आधी दाखवावी लागते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून काही ते वाक्य माझं व्हायचं राहत नाही.

अक्कांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. "बरं झालं बाई. चार महिने मेल्यासारखी जगत होते." मग त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्यासाठी खवा घेतला. ताकद येते म्हणून. पुढचे पाच दिवस त्या अशा मोकळ्या होत्या की मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. गाणं गुणगुणत भाकरी थापायच्या. पट्टाही त्याच बांधायला लागल्या, गाऊनवरून. "घट्ट होतोय का?" विचारत.

नवव्या आठवड्यात उजवी बाजू उतरली. एका सकाळी टेप लावली तर दोन्हीकडं सारखं भरलं. मी बाथरूममध्ये तोंडावर हात धरून रडले, आनंदानं. त्यानंतर मी तीन ब्लाऊज शिवून घेतले.

अक्कांचा फोन यायचा. "कशी आहेस?" "बरी." "सूज उतरली?" "उतरली." त्यांच्या गाठीचं मी विचारत नव्हते आणि त्या सांगत नव्हत्या. दिवाळीला त्यांनी एकदा म्हटलं, "जरा मोठी झालीय वाटायलंय." मी म्हणाले, "एकदा दाखवून घ्या." "सणवार आटपला की बघू," त्या म्हणाल्या. मी बरं म्हणाले.

माघात मोठ्या भाऊजींचा फोन आला. लातूरच्या दवाखान्यात तपासलं होतं. काखेपर्यंत पसरलं होतं. डावा स्तन काढावा लागला.

मी गेले तेव्हा अक्कांना घरी आणलं होतं. ओसरीवर मोठे भाऊजी बसले होते. मला बघताच ते उठले. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी मी चपला काढायच्या आतच ते बोलायला लागले.

"तुमच्या त्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईचं नाव द्या. इथले डॉक्टर मला बोलायलेत, की इतके दिवस काय झोपला होता? ही म्हणते, पुण्याला मोठ्या डॉक्टरणीनं काही नाही म्हणून सांगितलं होतं. मी जाणार आहे पुण्याला. तिला विचारणार आहे."

"आधी अक्कांना भेटते, भाऊजी," मी म्हणाले.

आतल्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर डाव्या खांद्यावरून गुंडाळून घेतलेला. चेहरा इतका बारीक झाला होता की डोळेच दिसत होते. मला बघून हसल्या.

"ये. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

मी दार लोटलं. खाली बसले. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, वाक्यं मागंपुढं झाली असतील. गाठ नव्हती असं म्हणाले. कसलं ऑपरेशन होतं ते सांगितलं. डॉक्टरांना मी तुमचं काही विचारलंच नव्हतं, हे सगळ्यात शेवटी.

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. बाहेर भाऊजींनी खाकरल्याचा आवाज आला.

"विचारलंच नव्हतंस?"

"नाही."

"मग ते, दुखत नसेल तर घाबरायचं नाही, ते?"

"मी म्हणाले. माझ्या मनानं."

मी त्यांच्या पायांना हात लावायला गेले, त्यांनी पाय आखडून घेतले.

"दाखव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय केलंस ते दाखव मला."

मी पदर काढला. ब्लाऊजच्या हुका काढल्या. दिवसाउजेडी, खिडकीतून ऊन येत होतं. त्यांच्यापुढं मी तशी बसले. आयुष्यात कुणी मला नीट बघावं म्हणून मी ते ऑपरेशन केलं होतं, आणि त्या बाईनं मला जितकं नीट बघितलं तितकं त्याआधी किंवा नंतर कुणी बघितलं नाही.

"सारखे बसलेत दोन्ही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "घाल कपडे. आणि ह्यांना आत पाठव."

भाऊजी आत गेले. मी दाराबाहेर उभी होते. अक्का म्हणत होत्या, "त्या डॉक्टरीणबाईचं नाव काढू नका. तिनं दाखवून घ्या म्हणून सांगितलं होतं. मीच भीत होते म्हणून तुम्हाला तसं बोलले. चूक माझी आहे."

त्यानंतर वर्षभर अक्का माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी उपचारांच्या वेळी लातूरला जाऊन राहायचे, त्यांना उलट्या झाल्या की भांडं धरायचे. त्या धरू द्यायच्या. "सरक," "पाणी दे," एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. अक्कांच्या डोक्यावर केस नुकते येत होते, वर रुमाल बांधलेला. जेवणं झाल्यावर पंधरावीस बायका आतल्या खोलीत पानसुपारीला बसल्या. अक्कांच्या आजाराविषयी सगळ्यांना विचारायचं होतं आणि कुणीच विचारत नव्हतं. अक्काच बोलल्या.

"ऐका गं. छातीत बारीक जरी लागलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. दुखो, न दुखो. लाजायचं नाही. ही शिवकन्या बघा. हिला लागली तशी हिनं काढून घेतली, काही झालं नाही. मी तिच्या घरी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अन् मी शहाणी, घरात बसले लाजत. त्याचं हे असं झालं."

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. कौतुकानं. सासूबाई म्हणाल्या, "धाकटी पहिल्यापासून धीटच." अक्का माझ्याकडं बघत नव्हत्या, सुपारी कातरत होत्या.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. "अक्का, असं का सांगितलंत? मी सांगितलं असतं खरं."

"काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस तुझ्या छातीवर बोलल्या असत्या. हसल्या असत्या. गाठीचं कुणाच्या ध्यानात राहिलं असतं?" त्यांनी ताटं एकात एक ठेवली. मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही केलं मी हे. असं समजू नको."

अक्का आणखी दीड वर्ष जगल्या.

त्या गेल्या तेव्हा घरात बायकांची रीघ लागली होती. चौथ्या दिवशी अनसूया कोरे म्हणून एक बाई आल्या, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या. मी त्यांना फारशी ओळखत नव्हते. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "डोहाळजेवणाला मी होते. त्यांनी सांगितलं, तुमचं उदाहरण दिलं, अन् मी दुसऱ्याच आठवड्यात जाऊन दाखवलं. होती मला. अगदी बारीक. वेळेवर निघाली म्हणून वाचले." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. "तुमचे उपकार आहेत, ताई."

मी हात सोडवून घेतले नाहीत. खरंही सांगितलं नाही. अक्कांनी सांगितलेलं मोडायचा मला अधिकार नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणाले, आणि अजूनही कुणी विचारलं तर हेच कारण देईन. पण ते कारण नव्हतं. त्या बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मला हवी होती.